यंत्रमानवाच्या वाटेवर पदवी कुठे लागते?

यंत्रमानव क्षेत्रात शिरण्यास पदवी अनिवार्य आहे काय? धानशेतीवर जगणाऱ्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील पालकांसाठी हा प्रश्न खर्चाचाही आहे. उत्तर कामानुसार बदलते. कारखान्यात यंत्रमानव हाताळण्यास दहावीनंतरचा आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरतो. चेन्नईतील झोहो कंपनी तर सुमारे वीस वर्षांपासून पदवीविना तरुणांना प्रशिक्षण देऊन संगणक प्रणालीच्या कामावर घेत आहे. मात्र संशोधन, लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा व अमेरिकेचा एच-१बी व्हिसा येथे पदवी किंवा समकक्ष पात्रता लागते. तेथे पोहोचण्याची वाटही आयटीआयतून जाते. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाने ही सवलत मिळत नाही. त्यामुळे दहावीनंतरची ही निवडच निर्णायक ठरते.