फोन अम्मीच्या हातात द्या

मागच्या हिवाळ्यात अम्मी सारखी थकल्यासारखी दिसायची. ओटीपोटात दुखतं म्हणायची, पण दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायची. शेवटी मी मोबाइलवरून डॉक्टरांची वेळ घेतली. नशिबाने पडद्यावर बाई डॉक्टर आल्या. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो?" आणि उत्तर दिलं मी. "किती दिवसांपासून?" तेही मीच सांगितलं, अंदाजाने. डॉक्टर म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या ना." मी फोन अम्मीकडे वळवला, पण धरून मीच होतो. अब्बा शेजारी, धाकटा भाऊ दारात. अम्मी म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह, आता बरं आहे."

रात्री तिने माझ्या बहिणीला खरं सांगितलं. पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि चार महिन्यांपासून अधूनमधून रक्त जात होतं.

पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव कधीच अंगावर काढायचा नसतो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूणही असू शकते. दुसऱ्या दिवशी बहिणीने पुन्हा वेळ घेतली आणि आम्हा पुरुषांना घराबाहेर काढलं. डॉक्टरांनी चार मिनिटांत निर्णय दिला: हे फोनवर होणार नाही, प्रत्यक्ष या, सोनोग्राफी करावी लागेल. अम्मीची गाठ साधी निघाली. पण माझ्या हुशारीवर सगळं सोपवलं असतं तर ती आणखी किती महिने गप्प बसली असती?

टेलिमेडिसिनबद्दल आपण बोलतो तेव्हा नेटवर्क आणि अ‍ॅपबद्दल बोलतो. आपल्या मोहल्ल्यांतली खरी अडचण मला वेगळी वाटते. फोन मुलाच्या हातात असतो आणि दुखणं आईच्या अंगात.

आता व्यवस्था कशी चालते ते पाहू. दुरून सल्ला व्हिडिओवर, साध्या कॉलवर किंवा मेसेजवर घेता येतो. याचे देशपातळीवरचे नियम २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आले. त्याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारची ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली, मोफत. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, टोकन मिळतं, नंबर लागला की डॉक्टर भेटतात आणि औषधाची चिठ्ठी फोनवरच येते. स्मार्टफोन जमत नसेल तर आरोग्य उपकेंद्रातूनही हे होतं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला डॉक्टरांशी जोडून देतात. खासगी डॉक्टर फी घेऊ शकतात, पण पावती द्यायला हवी.

डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असलाच पाहिजे. नसेल तर विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती धरली जाते. कोणती औषधं देता येतील यालाही मर्यादा आहेत. तापाची गोळी, ओआरएस कोणत्याही मार्गाने सुचवता येतं, काही औषधांसाठी पहिली भेट व्हिडिओवरच लागते, आणि मॉर्फिनसारखी अंमली औषधं अशा सल्ल्यावर अजिबात लिहिता येत नाहीत. म्हणून डॉक्टर एखादं औषध नाकारतात तेव्हा ते टाळाटाळ करतात असं समजू नका. उलट, रुग्ण "मला प्रत्यक्ष यायचंय" म्हणाला तर फोनवरच भागवा असा आग्रह डॉक्टरांना धरता येत नाही.

याच नियमांत नातेवाइकांबद्दलही लिहिलं आहे. रुग्ण लहान असेल किंवा बोलण्याच्या स्थितीत नसेल तर घरचं माणूस बोलू शकतं. शुद्धीवर असलेल्या प्रौढ बाईच्या वतीने, ती समोर नसताना बोलायचं तर त्या अधिकाराची खात्री पटवावी लागते. नुसतं "मी मुलगा आहे" पुरेसं नाही. मी तर ती समोर असताना बोलत होतो!

यावर मित्र म्हणतात, अम्मींना अ‍ॅप येत नाही. खरं आहे. मग ओटीपी टाका, टोकन घ्या, जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं तिच्यासमोर ठेवा, आणि बाहेर जा. भिवंडी-मुंब्र्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहतात, तिथे बाहेर जाणं म्हणजे खरोखर जिन्यात उभं राहणं. दहा मिनिटं उभे राहा. बहीण, खाला, वहिनी, कोण थांबावं हे अम्मीला ठरवू द्या. चेहरा दाखवायला संकोच वाटत असेल तर तिने आवाजावर बोलू का, हे डॉक्टरांना विचारावं. पण पुरळ किंवा डोळ्यांचा पिवळेपणा आवाजावर कळत नाही, हेही तिला सांगा. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं सुरुवातीलाच बोलावं. दरवेळी मिळेलच असं नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. मोहल्ल्यात प्रसूतिगृह नाही, बाई डॉक्टर नाही, आणि सरकार म्हणणार, घ्या फोन. हा सौदा आपण मान्य करू नये. पोटावर हात ठेवून पाहणारा डॉक्टर फोनमधून येत नाही. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, धाप, खूप रक्त जाणं, यात टोकनची वाट पाहू नका, १०८ लावा. नगरसेवकाकडे दवाखान्याची मागणीही चालू राहू द्या. पण ज्या बाईने चार महिने तोंड उघडलं नाही, तिच्यासाठी बंद खोलीतला फोन ही पहिली पायरी होऊ शकते, आणि ती आज उपलब्ध आहे.

आणि हे फक्त अम्मींचं नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास, मोफत चालतो. तिथे फोन करायचा तर तुम्हालाही एकांत लागेल. तेव्हा जिन्यात कुणी उभं राहावं असं तुम्हाला वाटेलच.

चिठ्ठी तुमच्या फोनवर येईल. औषधांची नावं आणि वेळा अम्मीला वाचून दाखवा, पुढच्या भेटीची तारीख कॅलेंडरवर लिहा. ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.