छोट्या संगणकाचे कार्ड गावातच तयार व्हावे

भाताचे रोप जोमदार हवे तर आधी राब नीट भाजावा लागतो, हे मावळच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. हरितगृहातील उष्णतामान व हवेतील ओलावा यांची नोंद ठेवणाऱ्या छोट्या संगणकाचेही तसेच आहे. त्याची मशागत म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात संगणकास चालविणारी मूळ कार्यप्रणाली होय.

ब्रिटनमध्ये २०१२ साली निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा अशा संगणकांपैकी प्रसिद्ध होय. तो पत्त्यांच्या जोडाएवढा असून त्याची कार्यप्रणाली बहुधा नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. मावळातील गुलाब १४ फेब्रुवारीच्या सुमारास परदेशी जातो. अशा पिकात ओलावा वाढून केवडा रोग बळावल्यास हंगाम हातचा जातो. म्हणून ही नोंद अखंड राहणे अगत्याचे आहे.

अडचण येते ती विजेची. लोणावळ्याकडे वर्षाचा पाऊस ४,००० मिलिमीटरांच्या घरात जातो आणि पावसाळ्यात वीज वारंवार जाते. कार्डावर लेखन चालू असता वीज गेली तर कार्यप्रणाली बिघडण्याचा संभव असतो. मग शहरातील कारागिराची वाट पाहण्यात दिवस जातात व तेवढी नोंद कायमची बुडते.

हे काम जाणकारांवरच सोपवावे, असे काहीजण म्हणतात. संगणकाचा पट्टा जळाल्यास ते योग्यच आहे. परंतु कार्ड पुन्हा तयार करणे हे पंपाची कळ बदलण्याहून अवघड नाही. साध्या संगणकावर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हे मोफत साधन उघडावे. त्यात आपल्या संगणकाचा प्रकार, कार्यप्रणाली व कार्ड निवडावे. केवळ नोंदीसाठी ‘लाइट’ आवृत्ती व १६ जीबीचे कार्ड पुरते. वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द व वाय-फाय यांची माहिती तेथेच भरावी. लेखनानंतर होणारी पडताळणी टाळू नये. कार्डावरील जुने सर्व पुसले जाते, म्हणून आधीची नोंद दुसरीकडे उतरवून घ्यावी.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. ‘पाय ४’ या प्रकारास ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा वीजपुरवठा लागतो. मोबाइलचा हलका चार्जर लावू नये. तसेच संगणक रीतसर बंद केल्यावाचून वीज तोडू नये. वीज जाण्याची भीती असेल तेथे छोटी बॅटरी जोडावी.

शहाणा शेतकरी बियाण्याचा काही भाग राखून ठेवतो. त्याचप्रमाणे प्रत्येक हरितगृहात एक तयार कार्ड कोरड्या डबीत राखलेले असावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच चार-पाच शेतकऱ्यांस एकत्र बसवून प्रत्येकाच्या हातून एकेक कार्ड तयार करवून घ्यावे. यंत्र विकत घेता येते. ते स्वतः पुन्हा उभे करता आले, तरच ते शेतकऱ्याचे झाले असे म्हणता येईल.