रंग भिंतीला, त्रास माशांना

दसरा जवळ आला, की सीवूड्समधल्या इमारतींच्या लिफ्टमधून रंगाचे डबे आणि शिड्या वर जाऊ लागतात. सोफ्यावर जुन्या चादरी पडतात, टीव्ही झाकला जातो. कोपऱ्यातला फिश टँक मात्र तसाच चालू राहतो. मासे पाण्यात आहेत, त्यांना रंगाचा काय त्रास, असे आपण गृहीत धरतो. मग एके सकाळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात आणि दोष खाद्याला दिला जातो.

खरे तर आधी संशय घ्यायला हवा तो टँकशेजारच्या लहानशा एअर पंपाचा. हा पंप ऑक्सिजन तयार करत नाही; खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. हवेत थिनर किंवा टर्पेंटाइनची वाफ असेल, तर तीही पाण्यात जाते. हवेच्या मानाने पाण्यात ऑक्सिजन वीस-तीस पटींनी कमी असतो. त्यामुळे माशाला कल्ल्यांवरून सतत पाणी फिरवावे लागते आणि पाण्यातले विषारी द्रव्य थेट रक्तात उतरते.

उपाय अवघड नाहीत. लहान टँक काम संपेपर्यंत दुसऱ्या खोलीत न्या. मोठा हलत नसेल, तर पंप शेजारच्या खोलीत ठेवून लांब नळीने स्वच्छ हवा आणा. टँकवर प्लास्टिक टाका, पण चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद करू नका, मासे गुदमरतील. पाण्यातला फिल्टर बंद करू नका. टँकजवळची भिंत कोरडी घासू देऊ नका. माशांच्या बादलीत ब्रश धुऊ नयेत, हे रंगाऱ्याला आधीच सांगा. रंगाचा हात लागलेल्या बोटांनी खाद्य घालू नका. मासे धापा टाकू लागले, तर क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी घालून पाव ते एकतृतीयांश पाणी बदला.

एक डॉक्टर म्हणून मला यापुढचे सांगायचे आहे. जी हवा पंप ओढतो, तीच घरातली माणसेही ओढतात. दिवाळीच्या सुमारास ओपीडीत दम्याचे रुग्ण येतात, तेव्हा ‘घरी रंगकाम चालू आहे का,’ हा प्रश्न मी हटकून विचारतो. थोड्या वेळाने वास जाणवेनासा होतो, कारण नाक सरावते. वाफ मात्र काही दिवस निघत राहते. डासांच्या भीतीने खिडक्या बंद ठेवून एसी लावला, तर ती घरातच कोंडते. जाळ्या लावा, पण खिडक्या उघड्या ठेवा. दारे-ग्रिलसाठीही शक्य तिथे पाण्यात मिसळणारा, कमी वाफेचा रंग मागा.

दुसरा धोका शिशाचा. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम २०१६चा. तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. सीवूड्समधल्या बऱ्याच इमारती त्याआधीच्या आहेत. दारे-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासला, तर त्याची धूळ रांगत्या बाळाच्या हातातोंडात जाऊ शकते, आणि शिशाने मुलांच्या मेंदूला होणारे नुकसान भरून येत नाही. म्हणून आधी भिजवून मगच घासा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा.

मासा टँक सोडून जाऊ शकत नाही. तान्हे बाळ आणि अंथरुणावरची आजीही खोली सोडून जाऊ शकत नाहीत. रंगाची छटा ठरवाल, त्याच दिवशी हे तिघे कुठे राहतील, तेही ठरवा.