यंत्रविचार : आधीं आंस, मग ओझें

सोनईच्या एका वाचकांनीं विचारलें आहे कीं, मोटारीच्या पेट्रोल इंजिनास टर्बो जोडून अश्वशक्ति दुप्पट करावयाची, तर आंतील कोणते भाग बदलावे? तेथील मुळा कारखान्याकडे ऊंस नेणारा गाडीवान ओझें वाढविण्यापूर्वीं आंस पाहतो; तोच न्याय येथें लागू आहे.

टर्बो जादा हवा कोंबतो, जादा इंधन जळतें, आणि तो सारा दाब पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांवर येतो. ओतीव पिस्टन ठिसूळ. इंधनाचा अवेळीं भडका झाल्यास तो तडकतो. घडीव पिस्टन तो आघात पुष्कळ सोसतो; परंतु तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून सिलिंडरांत त्यास जास्त मोकळीक द्यावी लागते. रिंगांच्या टोकांमधील फटहि वाढवावी. नाहीं तर तीं टोकें भिडून पिस्टनची कड फुटते.

रॉड घडीव पोलादाचे व त्यांचे बोल्ट उत्तम प्रतीचे असावेत. घडाईनें धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात. म्हणूनच पुण्याच्या भारत फोर्जमध्यें (स्थापना १९६१) क्रँकशाफ्टहि घडवूनच तयार करितात. रॉड मोडला, तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि इंजिनाबरोबर घरचा पैसाहि बुडतो.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच : आधीं शक्ति ठरवावी, मग भाग घ्यावे, टर्बो शेवटीं.