पेठेतून वाडीकडे

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि व्यापारी घरांतही प्रवासाचे बेत आखले जाऊ लागतात. दिवाळीचा हंगाम आटोपलेला असतो, नव्या वह्यांचे पूजन झालेले असते आणि मुलांच्या सुट्ट्यांचे चार दिवस हाती असतात. अलीकडे या दिवसांत अनेक कुटुंबे हॉटेलाऐवजी शेतकऱ्याच्या घरी उतरणे पसंत करतात. बारामतीजवळ पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी 2005 च्या सुमारास कृषी पर्यटनाला व्यवस्थित रूप दिले. पुढे 2020 साली महाराष्ट्र शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. कोकणात मात्र वाडीतल्या घरी पाहुणा उतरवण्याची रीत त्याहून जुनी आहे.

मुंबईहून अलिबाग, मुरूड करीत आगरदांड्याला आले की गाडीसह फेरीबोटीत चढता येते. राजपुरीची खाडी ओलांडताना जंजिऱ्याचा तट नजरेस पडतो आणि थोड्याच वेळात दिघीचा धक्का येतो. ही बोट नसेल तर म्हसळ्याकडून मोठा वळसा घालावा लागतो. दिघी हे बंदराचे आणि कोळी वस्तीचे गाव. तेथून दक्षिणेला बोर्लीपंचतनवरून दिवेआगर आणि पुढे श्रीवर्धन गाठले की नारळ-पोफळींच्या वाड्या सुरू होतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी व्यापाऱ्यांना नवी नाही. पेठेत तिचा भाव तोंडपाठ असणारे पुष्कळ सापडतील. ती उभी असते ते झाड जवळून पाहिलेले मात्र थोडे.

वाडीत पाऊल टाकले की प्रथम जाणवतो तो गारवा. चाळीस-पन्नास फूट उंचीची सडपातळ पोफळ, तिच्या बुंध्याशी पाण्याचे पाट, मध्ये केळी, जायफळ आणि मिरीचे वेल. फळ काढणारा एका झाडावर चढतो, शेंड्याशी झोका घेऊन शेजारचे झाड पकडतो आणि खाली न उतरताच पुढे सरकतो. खाली उभ्या असलेल्या मुलांचा श्वास रोखला जातो. उतरवलेली पिकली सुपारी अंगणात सुमारे दीड महिना उन्हात वाळते. रोज ती हलवायची, ढग दिसताच झाकायची, मग सोलायची आणि निवडायची. घरातली आजी, सून, शाळेतून आलेला मुलगा, सर्वांचे हात त्यात असतात. दुकानातल्या पोत्यावर यातले काहीच लिहिलेले नसते.

या अंगणात उभे असताना व्यापाऱ्याची जुनी सवय जागी होते. मूठभर सुपारी हातात घेऊन तो खळखळवतो, एक फोडून पाहतो आणि विचारतो, ‘‘भाव काय लावला?’’ त्यात गैर काही नाही. पारख हा त्याचा धर्मच आहे. पण यजमानाच्या घरी पाहुणा म्हणून जेवून त्याच्याच अंगणात पेठेपेक्षा दोन पैसे कमी करण्याचा आग्रह धरला, तर सोबतची मुले कोणता धडा घेऊन परततील, याचा विचार व्हावा. विशेषतः या किनाऱ्यावर व्हावा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ येथे धडकले आणि काही तासांत माड-पोफळी आडव्या झाल्या. धान्याचे पीक गेले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येते. पोफळीचे रोप लावल्यावर फळाला पाच-सात वर्षे वाट पाहावी लागते. भांडवल एका दुपारी बुडावे आणि परतावा इतक्या वर्षांनी सुरू व्हावा, याचा अर्थ व्यापारी कुटुंबाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तेव्हापासून अनेक वाड्यांना पाहुण्यांच्या मुक्कामाचाच आधार झाला.

शेतीकडे पाहताना आपल्या घरांत एक संकोच असतो. नांगराखाली जीव मरतात, म्हणून व्यापार अधिक निर्दोष, असे सहज बोलले जाते. पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याच्या धंद्याचा उल्लेख आहे, हेही खरे. परंतु भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवल्याचे आदिपुराण सांगते. त्यांत कृषी आणि वाणिज्य शेजारी बसलेली आहेत. कोल्हापूर-सांगलीकडचे असंख्य जैन बांधव पिढ्यानपिढ्या शेतकरीच आहेत. शास्त्रकारांनी उद्योगी हिंसा ही संकल्पी हिंसेहून वेगळी मानली. गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही, म्हणून यतना सांगितली. ताटातला भात कोणीतरी पिकवलेला असतोच. त्या कर्माचा भार शेतकऱ्यावर टाकून अन्न तेवढे आपण घ्यावे, हा हिशेब जमा-खर्चात बसत नाही.

आहाराच्या नियमांची अडचण वाटते तितकी मोठी नसते. कांदा, लसूण, बटाटा, आले वर्ज्य आहे आणि जेवण सूर्यास्तापूर्वी हवे, एवढे दोन दिवस आधी स्पष्ट कळवावे. तांदळाची भाकरी, कच्च्या केळ्याची भाजी, कोकमाचे सार असा साधा बेत वाडीतली गृहिणी आनंदाने करते. पाणी गाळण्यासाठी गरणे सोबत न्यावे. ऐनवेळी फर्मान सोडणे मात्र टाळावे. तिचा दिवस पहाटे सुरू झालेला असतो. काढणी चालू असेल तर मुलांनी वाटेत न येता मदत करावी. सोललेली सुपारी निवडायला दोन तास बसले तरी पुष्कळ कळते.

सुपारी खाण्याचा त्याग अनेक श्रावकांनी केला आहे आणि तो योग्यच आहे. तरीही मंगलकार्यात ती पाटावर मांडली जाते. पुढच्या वेळी ती मांडताना घरातल्या एखाद्या मुलाला झाडावरून झाडावर जाणारा तो माणूस आणि अंगणात वाकलेली ती आजी आठवली, आणि दुकानात आलेल्या शेतकऱ्याला त्याने उभे न ठेवता बसायला जागा दिली, तर दिघीची ती बोटफेरी सार्थकी लागली असे समजावे.