विश्लेषण : टाळेबंदीत ग्रंथालय घरी कसे पोहोचते?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय पिंपरी-चाकणच्या विद्यार्थ्यांना एकदम लांब झाले. वर्गणीची ई-नियतकालिके एरवी विद्यापीठाच्या नेटवर्कवर उघडतात. प्रकाशक आयपी पत्ता पाहून प्रवेश देतो. घरून वाचायचे तर वेगळे लॉगिन लागते. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ची ‘इन्फेड’ यंत्रणा हेच काम करते : वाचकाची ओळख त्याची संस्था पटवते, लेख प्रकाशक देतो. ‘शोधगंगा’वरचे प्रबंध तर मोफतच.

संशोधकाचे एवढ्यावर भागते. भोसरीतल्या एका खोलीत, घरातल्या एकुलत्या मोबाइलवर बीकॉम करणाऱ्याला मात्र मराठी क्रमिक पुस्तक हवे असते, आणि ते बहुधा कुलूपबंद कपाटातच असते. पुन्हा अशी वेळ आली तर लॉगिनबरोबर पुस्तकही टपालाने घरपोच मिळावे, खर्च ग्रंथालय शुल्कातून व्हावा.