कुपीतले सगळेच मणक्यात जाते

सायटिकासाठी एपिड्युरल पोकळीत स्टेरॉइड सोडण्याची पद्धत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात सुरू झाली. आज ती आपल्या ओपीडीत नित्याची झाली आहे. पण हेच औषध चुकून धमनीत गेले तर काय होते, हे प्राण्यांवर नीट तपासायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. तोवर लकव्याचे आणि मृत्यूचे अहवाल आपल्या रुग्णांचेच येत राहिले. हा क्रम उलटा होता आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

२००८ साली अमेरिकेत डुकरांवर झालेला प्रयोग मणक्यात सुई घालणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावा. भूल दिलेल्या ११ डुकरांच्या व्हर्टेब्रल धमनीत थेट स्टेरॉइड दिले गेले. चौघांना मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट, म्हणजे आपल्या ओळखीचे दुधाळ, कणयुक्त औषध. उरलेल्यांना कणविरहित डेक्सामिथासोन किंवा विद्राव्य प्रेडनिसोलोन. पहिल्या चारपैकी एकही शुद्धीवर आले नाही. चौघांनाही व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. एमआरआयमध्ये ब्रेनस्टेमला आणि मज्जारज्जूच्या मानेतल्या वरच्या भागाला सूज होती. उरलेल्या सातांत मज्जासंस्थेला इजा झाल्याची खूण आढळली नाही.

इतक्या लहान प्रयोगातून धोका हजारात किती जणांना, हे कळत नाही. तो कशामुळे होतो, हे मात्र कळते. शिवाय ते प्राणी निरोगी होते. आपल्या रुग्णाचा कालवा आधीच अरुंद असतो, कधी जुन्या शस्त्रक्रियेचे व्रण असतात. तेव्हा प्राण्यांत काही बिघडले नाही म्हणून आपण निर्धास्त होणे बरोबर नाही.

कण काढले की प्रश्न मिटला, असेही नाही. २००९ मध्ये उंदरांच्या कॅरोटिड धमनीत औषधे सोडून पाहिली, तेव्हा विद्राव्य मिथाइलप्रेडनिसोलोननेही मेंदूत रक्तस्राव झाला; इतकेच नव्हे, स्टेरॉइड वगळून कणयुक्त औषधाचा नुसता वाहक द्रव दिला तरीही काहींत झाला. २०१२ मध्ये कुत्र्यांच्या इंट्राथिकल पोकळीत मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट दिल्यावर मात्रेनुसार वाढणारा दाह आढळला. ड्युरा नकळत टोचला जाणे आपल्या कामात अशक्य नाही, म्हणून हा निष्कर्ष आपल्यालाही लागू आहे. तपासणी करायची ती कुपीत जे जे आहे त्या सगळ्याची, परिरक्षकासह, आणि सुई ज्या वाटेने जाते किंवा चुकून जाऊ शकते त्या वाटेने. शिरेतून दिले तर सुरक्षित, स्नायूत दिले तर सुरक्षित, एवढ्यावर मणक्याचा निर्णय होत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एपिड्युरल स्टेरॉइडमुळे क्वचित अंधत्व, पक्षाघात आणि मृत्यू ओढवू शकतो असा इशारा दिला, आणि या वापराला आपली मान्यता नसल्याचेही स्पष्ट केले. पुढच्या वर्षी तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या: मानेतल्या ट्रान्सफोरामिनल इंजेक्शनात कणयुक्त स्टेरॉइड नको, कमरेत पहिले इंजेक्शन कणविरहित औषधाचे असावे, औषधाआधी सी-आर्मखाली कॉन्ट्रास्ट प्रत्यक्ष वाहताना पाहावा. डेक्सामिथासोनचा गुण टिकत नाही, अशी तक्रार अनेक सहकारी करतात. कमरेच्या तुलनात्मक चाचण्यांत ते फारसे मागे पडलेले दिसत नाही. आणि समजा थोडे पडलेच, तरी दोन आठवड्यांच्या जास्त आरामासाठी मज्जारज्जू पणाला लावणे आम्हाला मान्य नाही.

आता ओझोन, पीआरपी आणि नवी नवी मिश्रणे मणक्यापर्यंत पोहोचली आहेत. परिषदांत त्यांचे व्हिडिओ दाखवले जातात, टाळ्या मिळतात. तिथे उठून विचारा: हे कोणत्या प्राण्यात, कोणत्या वाटेने, किती मात्रेत दिले? नंतर मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली कोणी पाहिले का? उत्तर मिळेपर्यंत ते आपल्या रुग्णाला देऊ नका.

प्राण्यांवरचे प्रयोग मागताना आपल्यावर एक जबाबदारीही येते. त्या चार डुकरांनी जे दाखवून दिले ते माहीत असूनही मानेत दुधाळ औषध भरलेच, तर तो त्यांच्यावरचा आणि रुग्णावरचा, दोघांवरचा अन्याय ठरेल.

केसपेपरवर नुसते ‘एपिड्युरल दिले’ लिहून थांबू नका. औषध, मात्रा, परिरक्षक, बॅच क्रमांक, पातळी आणि मार्ग लिहा. इंजेक्शननंतर हातापायांची ताकद गेली, दृष्टी अंधुक झाली, तर ती घटना दडवू नका; भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे तिची नोंद करा.